बायजीच्या चाकूचं टोक

बायजीचा चाकू तिच्या नवऱ्याने दिलेला. लाकडी मुठीचा, घडीचा, मिटला की तळहातात मावेल एवढा. नवरा, लडक्या, डहाणूजवळच्या वरोर बंदरातल्या एका बोटीवर खलाशी होता. पावसाळ्याचे दिवस सोडले तर वर्षभर दर्यावर. हा चाकू त्याने स्वतःसाठी घेतला होता, पण बोटीच्या प्रमुखाने, तांडेलाने, तो पहिल्याच दिवशी हातात घेऊन बघितला आणि परत दिला. म्हणाला, "बोट डोलते. टोकवाली सुरी इथे नको. घरी दे बायकोला." म्हणून तो झरीजवळच्या पाड्यावर बायजीकडे आला आणि सात-आठ वर्षं तिच्या कमरेच्या पिशवीत राहिला.

घरी त्याचा उपयोग कशाला नव्हता? पायात बोरीचा काटा मोडला की बायजी टोकाने वरची कातडी जराशी उचकटायची आणि काटा अलगद वर यायचा. चपलेच्या पट्ट्याला नवं भोक पाडायचं, ताडगोळ्याच्या डोळ्यातून गर काढायचा, सुतळीची ओली गाठ सोडवायची. भाजी चिरायला विळी होती, लाकडाला कोयता होता. बारीकसारीक सगळं चाकूच्या टोकाने व्हायचं. पण हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. आपण टोक वापरतो की धार, असा विचार कोण करतो?

पाड्यावरच्या सहा बायका बॉर्डरपलीकडे गुजरातेत एका कंपनीत कामाला जात. प्लास्टिकचे डबे बनवणारी कंपनी. सकाळी सहाला इको गाडी यायची आणि संध्याकाळी सातला आणून सोडायची. बायजी पॅकिंगला होती. दिवसभर उभं राहून खोके उघडायचे, पट्ट्या कापायच्या, डबे भरायचे, परत टेप मारायची. तिच्या बाजूला रूपी. रूपीचं घर बायजीच्या घराच्या मागेच. वयाने दहा वर्षांनी लहान, नवरा वारलेला, मुलगी सरिता डहाणूला वसतिगृहात राहून शिकत होती. रूपी बायजीला 'बाय' म्हणायची, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं.

गेल्या दिवाळीच्या आधी कंपनीत कामाची घाई होती. बायजी एका मोठ्या खोक्यातली पट्टी कापत असताना सुपरवायझरने हाक मारली. तिने हातातला चाकू तसाच, उघडा, खोक्यात ठेवला आणि गेली. क्षणभराचं काम होतं. वर प्लास्टिकची फुग्यांची शीट पसरलेली होती. रूपीने डबे काढायला खोक्यात हात घातला, तेव्हा शीटखालचं टोक तिच्या उजव्या हातात, तर्जनीच्या मुळाशी, तळव्यात शिरलं.

"आई गो!" एवढंच ती म्हणाली आणि हात झटकला.

जखम तांदळाच्या दाण्याएवढी होती. रक्तही फार आलं नाही. रूपीने पदराची किनार गुंडाळली, आणि बायजी धावत आली तेव्हा तीच हसून म्हणाली, "काय नाय बाय, टोचलंय नुसतं." दोघींनी कामाची पाळी पुरी केली. हळद भरली. चार दिवसांत जखम बुजली, पण बोट वाकेना. रूपी मूठ मिटायची तर चार बोटं मिटायची आणि ते एक काठीसारखं ताठ राहायचं. पंधरा दिवसांनी ती डहाणूला डॉक्टरकडे गेली. बायजी सोबत होती. डॉक्टरांनी बोट दाबून, वळवून बघितलं.

"आतली दोरी तुटलीय," ते म्हणाले. "धारेने कापलं असतं तर मोठं कापलं असतं, रक्त आलं असतं, तुम्ही त्याच दिवशी धावत आला असता. टोकाचं असंच असतं. बाहेरून काही दिसत नाही आणि आत खोल जातं. आता उशीर झालाय. मुंबईला जाऊन ऑपरेशन करता येईल, पण बोट पहिल्यासारखं होईलच असं नाही."

रूपी मुंबईला गेली नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि बायजी तिच्या त्या बोटाकडे. रूपी काहीतरी बोलेल, शिवी देईल, रडेल, याची बायजी वाट बघत राहिली. तलासरीचा नाका आला, झरीचा फाटा आला. रूपी उतरताना म्हणाली, "शेळीला पाला आणायचाय गो, उशीर झाला." आणि गेली.

बायजीने झालं ते स्वतःच सांगितलं आणि कंपनीत नियम निघाला. सुपरवायझर नविनभाई सगळ्यांना गोळा करून म्हणाला, "जुओ, बघा, कापायला धार लागते ने? मग टोकाचं काय काम? आजपासून टोकवाला चाकू आत नाय पाहिजे." फिटरने ग्राइंडर लावला. बायका आपापले चाकू घेऊन ओळीने उभ्या राहिल्या. बायजी पहिली होती. ठिणग्या उडाल्या, जळक्या लोखंडाचा वास आला, आणि चाकू परत हातात आला तेव्हा पुढून गोल होता, जिभेसारखा. बायजीला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. ती रूपीजवळ गेली आणि तिला चाकू दाखवला.

"भलं झालं," रूपी म्हणाली. तिला आता पॅकिंगवरून काढून लेबलं चिकटवायला बसवलं होतं. ताठ बोट मध्ये येत असल्यामुळे लेबल तिरकं बसायचं, मग ती ते सोलून परत लावायची.

नंतरच्या दिवसांत बायजीला हळूहळू कळत गेलं. धार होती तशीच होती, पण टेप कापायला आधी सुरुवात करावी लागते आणि ती सुरुवात टोक करतं. आता तिला टेपचं टोक नखाने उचलावं लागायचं. ताणलेलं प्लास्टिक आधी टचकन फुटायचं आणि मग सरसर कापलं जायचं. आता गोल पातं त्यावरून घसरायचं, ती दोन-तीनदा घासायची, मग जोर लावायची, आणि जोर लावला की हात भलतीकडे जायचा. नखं तुटली. मनगट दुखायला लागलं. घरी आल्यावर चुलीपुढे बसली की ती मनगटाला गरम फडकं बांधायची. तक्रार मात्र तिने केली नाही. कोणत्या तोंडाने करणार? दुसऱ्या बायका कुरकुरायच्या, "नुसतं घासून घासून जीव जातो," तेव्हा ती उठून पाणी प्यायला जायची. या दुखण्यात काहीतरी रास्त आहे, असं तिला वाटायचं. रोज संध्याकाळी गाडीतून उतरताना पाय जड झालेले असायचे आणि ती स्वतःशी म्हणायची, असू दे.

जानेवारीतल्या एका रविवारची गोष्ट. भात केव्हाच निघालं होतं आणि त्या ओलीवर लोकांनी वाल पेरला होता. वाल हिरवागार, दंवाने भिजलेला. बायजी सुट्टीचा दिवस म्हणून उशिरा उठून अंगणात चूळ भरत होती. तेवढ्यात मागून रूपीची हाक आली.

"बाय! ए बाय! धाव गो!"

रूपीची शेळी दावं तोडून पहाटेच शेजारच्या वालात शिरली होती आणि मनसोक्त खाऊन आली होती. ती पांढऱ्या कानांची, दुभती, तीन आठवड्यांपूर्वी व्यालेली. आता ती पाय फाकवून उभी होती. डावी कूस ढोलासारखी फुगून पाठीच्या कण्याच्या वर आली होती. तोंडातून फेस, जीभ बाहेर, आणि श्वास घेताना घशातून करकर आवाज. तिची दोन पिल्लं कुडाला टेकून उभी होती.

दोघींनी जे माहीत होतं ते केलं. गोडं तेल पाजलं, तोंडात आडवी काठी धरली, पुढचे पाय ओट्यावर चढवून पोट चोळलं. थोडा ढेकर आला, पण पोट उतरेना. बायजीने फोन काढला आणि ढोरांच्या डॉक्टरांना लावला. पाड्यावर लसी टोचायला येत, म्हणून नंबर होता.

"मी डहाणूला आहे, कॅम्पला," डॉक्टर म्हणाले. "निघालो तरी तासभर लागेल. शेळी उभी आहे का?"

"उभी हाय, पण पाय लटपटतात."

"तेल पाजलंत ते बरं केलंत. आता ऐका. ती खाली बसली तर माझी वाट बघू नका. डाव्या बाजूला शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड, या दोघांच्या मध्ये खळगा असतो ना, तो आता सगळ्यात वर फुगलेला असेल. बरोबर तिथे टोचायचं. एकदाच, सरळ, पुढच्या उजव्या पायाच्या दिशेने. बारीक भोक पडलं की गॅस निघेल. टोकदार चाकू आहे का घरात?"

बायजीचा हात कमरेच्या पिशवीवर गेला.

"हॅलो? चाकू आहे का?"

"चाकू हाय," ती म्हणाली. "टोक नाय."

"मग दुसरं काही बघा. दाभण वगैरे."

रूपी घरात धावली. दाभण तिच्याकडे नव्हतं. विळीचं पुढचं टोक खोबरं खवायला चपटं केलेलं. कोयता बोथट आणि पुढून वाकडा. बायजी आपल्या घरी पळत जाऊन सुई घेऊन आली, गोधडी शिवायची लांब सुई, तीही वाकली. कातड्यात अर्ध्यातच अडकली आणि शेळी ओरडली. शेजारचे काकड्याबाबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "पूर्वी बाणाचं पातं असायचं गो घराघरात." आता कुणाकडे नव्हतं.

मग शेळी बसली. बसली म्हणजे कोसळलीच. डोळे फिरवले.

"बाय, कर काहीतरी," रूपी म्हणाली. "तुझा चाकू काढ."

बायजीने चाकू उघडला. गोल टोक त्या फुगलेल्या जागी ठेवलं आणि दाबलं. कातडं आत गेलं, खळगा पडला, पण फाटलं नाही. तिने दोन्ही हातांनी दाबलं. पातं घसरलं आणि बरगडीवर आपटलं. परत दाबलं. आतला फुगा पातं बाहेर ढकलत होता. तिच्या कपाळावर घाम आला. थंडीचे दिवस होते आणि तिला घाम आला होता.

"धारेने काप," काकड्याबाबा म्हणाले.

"केवढं कापू बाबा?"

"ती मरतेय पोरी. काप."

तिने धार लावली. कातडी चिरावी लागली, चार बोटं लांब, कारण गोल पुढाने लहान चीर पडतच नव्हती. त्याखाली मांस, तेही चिरलं. रूपी शेळीचं डोकं मांडीवर धरून बसली होती, तिचं ते एक बोट शेळीच्या कानाजवळ ताठ उभं होतं. बायजीने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि तिसऱ्यांदा धार ओढली. मग एकदम फसकन आवाज झाला, हिरवा फेस आणि आंबूस वारा बाहेर आला, तिच्या तोंडावर, साडीवर उडाला. पोट डोळ्यांदेखत खाली गेलं. शेळीने लांब श्वास घेतला.

रूपी रडायला लागली. बायजी जमिनीवर बसून राहिली. हात कोपरापर्यंत भरलेले, आणि ते धुवायला उठायचं त्राण नव्हतं.

डॉक्टर तासाभरात आले, मोटरसायकलवरून, धुळीने माखलेले. त्यांनी जखम बघितली आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केलं. धुतलं, आत टाके घातले, बाहेर टाके घातले, इंजेक्शन दिलं. "जीव वाचवलात," ते बायजीला म्हणाले. "दुसरं कुणी असतं तर नुसतं बघत बसलं असतं. पण जखम मोठी आहे आणि आतली घाण पोटात सांडलीय. टोकाने केलं असतं तर एवढंसं भोक पडलं असतं, आपोआप बुजलं असतं. आता बघू. तीन दिवस काढले पाहिजेत."

शेळीने चार दिवस काढले. बायजी कामावरून आली की आधी रूपीच्या गोठ्यात जायची. पहिले दोन दिवस शेळी थोडं पाणी प्याली. तिसऱ्या दिवशी अंग तापलं, जखमेला वास यायला लागला. डॉक्टर परत एकदा येऊन गेले. गुरुवारी दोघी गाडीतून उतरून गोठ्यात गेल्या तेव्हा शेळी कुशीवर पडलेली होती आणि पिल्लं तिच्या गार सडांना ढुशा देत होती.

त्यांनी दोघींनीच ती ओढत माळावर नेली. काकड्याबाबांनी खड्ड्याला हात लावला, पण त्यांना दम लागला, म्हणून बायजीने कुदळ घेतली. माती टाकून झाल्यावर दोघी तिथेच धोंड्यावर बसल्या. अंधार पडला होता, वर अंधुक चांदणं होतं. महामार्गावरून ट्रकांचा आवाज येत होता.

"त्या दिवशी चाकू मिटून का नाय ठेवलास गो?" रूपी म्हणाली.

बायजीला आधी कळलंच नाही ती कोणत्या दिवसाबद्दल बोलतेय. मग कळलं.

"एक घडी मिटायची होती," रूपी म्हणाली. ती ओरडत नव्हती. गेले तीन महिने तोंडात धरलेलं काहीतरी ती थुंकून टाकत होती. "मला वेणी घालता येत नाय. भाकर थापताना बोट मध्ये येतं. सरिता सुट्टीत आली की तिला काय बोलते मी? टोचलं, बस. तुझं नाव नाय घेतलं. कंपनीत पण नाय घेतलं, तू सांगितलंस म्हणून त्यांना कळलं. मी म्हटलं, बाय आहे, मुद्दाम थोडीच केलंय. पण राग येतो गो. लेबल तिरकं बसलं की येतो. आज पण आला."

"बोल," बायजी म्हणाली. "बोल ना. मी वाट बघत होते."

"काय वाट बघायची त्यात!" रूपी म्हणाली आणि तिला हसू आलं की रडू, ते बायजीला अंधुक उजेडात दिसलं नाही. पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "टोक काढून टाकलं तेव्हा मी भलं झालं म्हटलं. मला बरं वाटलं होतं, खरं सांगते. वाटलं, त्यालाच शिक्षा झाली."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"लोखंडाला काय शिक्षा?"

माफ कर, असं म्हणायचं बायजीच्या ओठांवर होतं. पण ते तिने डहाणूच्या दवाखान्यात, गाडीत, गोठ्यात इतक्या वेळा मनात म्हटलं होतं, की आता तोंडाने म्हणायला शब्दच पातळ वाटले. तरी ती म्हणाली. रूपीने मान हलवली. त्याचा अर्थ हो होता की असू दे होता, कोण जाणे. दोघी उठल्या, आणि उतरताना रूपीने बायजीच्या खांद्याचा आधार घेतला, कारण वाटेवरचा मुरूम घसरत होता.

दुसऱ्या दिवशी गाडीत रूपीने विषय काढला. "चाकूला परत टोक कर. घरी ठेव. कंपनीत नेऊ नको."

बायजीने नविनभाईला सांगितलं की माझा चाकू मी आता आणणार नाही, कंपनीने काय ते द्यावं. त्याने जरा कुरकुर केली आणि मग टेप कापायचं पिवळं कटर दिलं, ज्याचं पातं बोटाने मागे सरकवलं की आत जातं. त्याने कामही लवकर व्हायला लागलं. आधीच का नाही मागितलं, हे तिला किंवा दुसऱ्या कुणालाही सुचलं नव्हतं.

रविवारी ती विहिरीजवळच्या दगडावर चाकू घेऊन बसली. आधी ती धारेची बाजू घासायला निघाली होती. काकड्याबाबा बघत होते. "तिकडून नाय," ते म्हणाले. "धार कशाला खातेस? पाठीकडून घास. पाठ उतरत उतरत धारेला येऊन मिळाली की टोक होतं." मग ती पाठ घासत बसली. पाणी टाकायचं, घासायचं, बघायचं. दुपार झाली. मनगट भरून आलं, मध्येच तिने डोळे मिटून विहिरीच्या कठड्याला टेकून घेतलं आणि परत घासलं. ऊन कलायला आलं तेव्हा पाठ आणि धार एका ठिकाणी आली. पातं नखभर आखूड झालं होतं आणि पहिल्यासारखं देखणं नव्हतं, पण तिने अंगठ्याच्या नखावर टेकवलं तर ते रुतलं.

तोवर रूपीकडे वेगळीच अडचण होती. पिल्लं बाटलीने दूध पीत नव्हती. तलासरीच्या मेडिकलमधून तिने बाटलीला लावायची दोन रबरी बोंडुकं, निपलं, आणली होती. त्यांचं भोक इतकं बारीक की पिल्लं ओढून ओढून थकायची आणि तोंड फिरवायची. तिने विळीवर एकाचा शेंडा कापून बघितला, तर दूध भसकन आलं आणि एक पिल्लू ठसकलं. आता दुसरं बोंडूक होतं, शेवटचं.

बायजीने ते हातात घेतलं. आत काडी घालून ताणलं आणि चाकूचं टोक शेंड्यावर ठेवून अगदी हलकेच फिरवलं. आधी एक चीर, मग तिला आडवी दुसरी. चाकू मिटून पिशवीत टाकला. बाटली उलटी धरली तर दुधाचा एक थेंब येऊन शेंड्याला लटकला, पडला नाही.

"धर," ती म्हणाली, मग लक्षात आलं आणि तिने बाटली परत घेतली. रूपीला त्या हाताने बाटली नीट धरता येत नव्हती. रूपीने पिल्लाला मांडीत घेतलं, डाव्या हाताने त्याचा जबडा उघडला आणि बायजीने बोंडूक तोंडात घातलं. पिल्लू आधी चघळलं, मग ओढायला लागलं. शेपटी हलायला लागली.

दुसरं पिल्लू, लहानखुरं, दोनच घोट प्यालं आणि निजलं. ते जगेल की नाही, हे सांगता येत नव्हतं.

तेव्हापासून बायजी रोज पहाटे साडेपाचला रूपीच्या गोठ्यात जाऊ लागली. दोघींचे डोळे झोपेने जड असायचे, बोलणं फारसं नसायचं. एकीने पिल्लू धरायचं, एकीने बाटली. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, लहानखुरं पिल्लू अर्धी बाटली प्यालं. फाट्यावर इकोचा हॉर्न वाजला, एकदा, मग परत एकदा.

"थांबेल तो," रूपी म्हणाली. "पिऊ दे त्याला."